सही जुळत नाही

१९ जून २०२४, बुधवार. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, काकांचा मेन्टेनन्सचा चेक परत आलाय." सोबतच्या चिठ्ठीवर कारण छापलेलं होतं: सही जुळत नाही.

बाबा भडकले. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि आता यांचीच सही खोटी? बँकेने दंड कापला तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन नौपाड्यातल्या शाखेत गेले. सही बदलायचा अर्ज, दोन फोटो, पॅन आणि आधारच्या प्रती, आणि अधिकाऱ्यासमोर तीन सह्या. तिथल्या मुलीने संगणकाची स्क्रीन माझ्याकडे वळवली. २००६ सालची सही: ऐसपैस, शेवटच्या अक्षरापासून मागे खेचलेली लांबलचक शेपटी. शेजारी चेकवरची: मुंग्यांची रांग चालावी तशी, पुढे पुढे बारीक होत गेलेली. शेपटी गायब. "काका, जरा मोठी करा ना," ती म्हणाली. बाबांनी पहिलं अक्षर मोठं काढलं, दुसरं मध्यम, तिसऱ्यापासून पुन्हा मुंग्या. तीनदा तेच. त्यांना ते दिसत होतं, पण हात ऐकत नव्हता. शेवटी त्या मुंग्याच नमुना म्हणून नोंदवून आलो.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. बाबा जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत. सिलिंडर कधी लावला, दुधाचं किती झालं, सगळा पुरावा त्यात असतो. कपाटामागून २०१९ पासूनची काढली आणि दिवाणखान्यात फरशीवर अंथरली. दुधाची नोंद बाबा जुन्या पद्धतीने करतात: रोजचं "१", रविवारी "१॥" म्हणजे दीड. २०१९ मध्ये तो "१॥" एकादशी-चतुर्थीच्या मजकुरावर चढून बसलेला. २०२१ मध्ये चौकटीच्या कोपऱ्यात. २०२३ च्या दिवाळीपर्यंत ते दोन दंड म्हणजे दोन ठिपके. २०२४ चं पान चष्मा लावूनही मला नीट वाचता येईना. मी रोज या घरी येते, त्याच भिंतीसमोर बसून चहा पिते. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हे लिहितेय ते त्या पानांमुळे. आमच्या घरात पार्किन्सनची सगळी लक्षणं हजर होती, पण प्रत्येकाचं कारण आम्ही वेगळं शोधलं होतं आणि प्रत्येकाचा डॉक्टरही वेगळा होता.

वासाचंच घ्या. २०२२ मध्ये दूध उतू जाऊन पातेलं करपलं आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. कोविड होऊन गेला होता, त्यामुळे कारण तयारच होतं. बद्धकोष्ठ तर त्याच्याही आधीपासून. त्याला चूर्ण. झोपेत ते ओरडायचे, लाथा झाडायचे. एकदा स्वप्नात चोराला मारलेला ठोसा आईच्या नाकावर बसला. "रात्री उशिरा जेवता म्हणून," असा निकाल देऊन आईने आपली गादी बाहेरच्या खोलीत टाकली. २०२३ च्या सुरुवातीला उजवा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं, तीन आठवडे फिजिओथेरपी, बैठकीला चारशे रुपये. थोडं बरं वाटलं, पुन्हा धरला.

आणि आवाज. बाबांचा आवाज बसत चालला होता आणि आई सारखी "काय म्हणालात?" विचारायची. यावर आम्ही काय करावं? आईचे कान तपासून आणले. रिपोर्ट उत्तम. ही गोष्ट आता हसून सांगते, तेव्हा आईला श्रवणयंत्र घ्यायची तयारी चालली होती.

हाताची थरथर तेवढी दिसत होती, पण तिलाही उत्तर होतं. माझ्या आत्याचे हात तीस वर्षं थरथरतात. चहाचा कप उचलला की बशी वाजते. "आमच्या घराण्यातच आहे," असं बाबा अभिमानाने म्हटल्यासारखं म्हणायचे. त्यांची थरथर मात्र निराळी होती. टीव्ही बघताना उजवा हात मांडीवर पडलेला असे आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत राही, तंबाखू मळल्यासारखा. एका लग्नात मामाने विचारलंच, "भावोजी, तंबाखू कधीपासून?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. थायरॉइड, साखर, बी-१२, असे रक्ताचे २,२०० रुपये झाले. बी-१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी चिठ्ठी दिली ती न्यूरोलॉजिस्टची. ठाण्यातच मिळाले, पण तारीख २ ऑगस्टची. या मधल्या महिन्यात मी इंटरनेटवर नको नको ते वाचलं आणि रात्रीची झोप घालवली. एक काम मात्र बरं केलं: बाबांना न सांगता दोन व्हिडिओ काढले. एक टीव्ही बघतानाचा हात, दुसरा कचराळी तलावाच्या ट्रॅकवर पाठीमागून चालतानाचा. दुसऱ्यात स्पष्ट दिसत होतं, डावा हात पुढेमागे झुलतोय आणि उजवा खिळ्याला टांगलेल्या पिशवीसारखा लोंबतोय. डॉक्टरांसमोर गेल्यावर माणूस सावरून बसतो, ताठ चालतो. त्यामुळे व्हिडिओ फार कामी आले. (न सांगता काढल्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली. तुम्ही सांगून काढा.)

२ ऑगस्टला सव्वादोन तास बसलो. फी १,८०० रुपये. एकदा आत गेल्यावर मात्र डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली, आणि त्यातला बराच वेळ यंत्राशिवाय गेला. अंगठा आणि तर्जनी भराभर आपटा. मूठ उघडा, मिटा. टाच टेकवून पाय आपटा. उजव्या बोटांची उडी दहाव्या आपटीपर्यंत लहान लहान होत अडखळली, डाव्याचीही थोडी. मनगट धरून सैल हलवताना त्यांनी बाबांना दुसऱ्या हाताने हवेत गोल काढायला सांगितले, त्यासरशी मनगट ताठरलं. गोगलगायीसारखं वर्तुळ काढायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. मागे उभं राहून खांदे धरून एकदम मागे खेचलं. बाबा एक पाऊल मागे जाऊन सावरले. आडवं झोपून आणि उभं राहून रक्तदाब घेतला. डोळे वर, खाली फिरवायला सांगितले.

प्रश्न मला आधी विचित्र वाटले. वारंवार पडतात का, आणि मागच्या बाजूला पडतात का? जिना उतरताना खाली बघायला त्रास होतो? उभं राहिल्यावर चक्कर? लघवीवर ताबा? नसलेली माणसं दिसतात? विसरायला कधीपासून होतंय? बहुतेकांना आम्ही "नाही" म्हणत होतो आणि प्रत्येक "नाही"ला डॉक्टरांचा चेहरा थोडा सैल होत होता. मग त्यांनी समजावलं. पार्किन्सनसारखे दिसणारे आणखी आजार असतात. सुरुवातीच्या काळातच मागे पडणं आणि नजर खाली न वळणं एकाकडे बोट दाखवतं, उभं राहताच रक्तदाब कोसळणं आणि लघवीचा त्रास दुसऱ्याकडे. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न थांबणं आणि विसराळूपणा एकत्र आले तर मेंदूतलं पाणी वाढलंय का ते बघावं लागतं. आणि आत्याबाईंची थरथर ही अगदीच वेगळी जात: ती हात वापरताना येते, बहुधा दोन्ही हातांना, घराण्यात चालते. बाबांची हात स्वस्थ असताना येते, कप उचलला की थांबते, आणि एका बाजूने सुरू झालेली आहे.

मला वाटलं, झालं, आता निदान सांगणार. ते म्हणाले, "काका घेतात ती सगळी औषधं दाखवा. सगळी."

मी बीपीची आणि बी-१२ ची चिठ्ठी पुढे केली. त्यांना पाकिटं हवी होती. आईला व्हिडिओ कॉल लावला आणि तिने औषधांचा डबा टेबलावर उलटा केला. त्यात निघाली "गॅसची कॅप्सूल". पोट फुगतं म्हणून कधीतरी पंधरा दिवसांसाठी कोणीतरी लिहून दिलेली. बाबांना गुण आला, आणि ते पुढे दीड वर्ष केमिस्टला रिकामी पट्टी दाखवून नवी आणत राहिले. कोणी चिठ्ठी मागितली नाही. डॉक्टरांनी आईला मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. आम्लपित्ताच्या नेहमीच्या औषधाबरोबर त्यात लेव्होसल्पिराइड होतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाची वाट अडवतं. म्हणजे पार्किन्सनमध्ये जे कमी पडतं, त्याचीच. त्यामुळे हुबेहूब तीच लक्षणं दिसू शकतात. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी वर्षानुवर्षं घेतलं जाणारं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, काही मानसिक आजारांवरची औषधं, हीही त्याच यादीतली. घरातल्या डब्यात ही नावं दिसली तर आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांच्या टेबलावर पाकिटासकट नक्की ठेवा.

कॅप्सूल त्याच दिवशी बंद. एमआरआय सांगितला, ७,५०० रुपये, दोन दिवसांत झाला. वयोमानाप्रमाणे ठीक आला. मी आनंदाने पेढे आणायच्या बेतात होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा ठीकच येतो. तो काढायचा तो इतर काही नाही ना हे बघायला. आता तीन महिने थांबायचं. औषधाचा परिणाम उतरायला तेवढा, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

हे तीन महिने सगळ्यात अवघड गेले. आजार आहे की नाही, हेच माहीत नाही. दादा पुण्याहून रोज रात्री फोन करून विचारायचा, "आज कसं वाटतंय?" जणू ताप मोजायचा आहे. मी बाबांकडे बघायचे ते त्यांच्या हाताकडेच. एकदा ते म्हणाले, "अगं, तोंडाकडे बघून बोल की."

वहीत दर रविवारी नोंद ठेवली. शर्टाची बटणं लावायला किती मिनिटं, खुर्चीतून उठायला किती प्रयत्न, डावा हात, उजवा हात. गणपतीपर्यंत डाव्या हाताचा जडपणा गेला. बाबा आरतीला टाळ घेऊन उभे राहिले तेव्हा मला रडू आलं, औषधाचंच होतं सगळं असं वाटून. मग टाळांकडे बघितलं. डावा टाळ हलत होता, उजवा नुसता धरलेला होता.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मोबाइलवरच चेहरा दाखवून होतो म्हणून घरीच करत होतो. ॲपने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. बाबा एकटक बघत राहिले. "बाबा, डोळे मिटा," मी म्हणाले. "मिटले की," ते म्हणाले. मिटले नव्हते. तेव्हा पहिल्यांदा मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटभरात ते चार वेळा पापणी हलवत होते. दाखला चौथ्या प्रयत्नात झाला. गेली दोन वर्षं "बाबा हल्ली फार गंभीर झालेत, कशाला हसत नाहीत" असं आम्ही म्हणत होतो, त्याचा अर्थ तेव्हा लागला: चेहऱ्याची हालचालच कमी झाली होती.

१८ नोव्हेंबरला डॉक्टरांनी वही वाचली, तपासलं आणि शांतपणे सांगितलं: कॅप्सूलने भर घातली होती, ती उतरली. खाली जे उरलंय ते पार्किन्सन दिसतंय. बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "काका, किती वर्षं हा प्रश्न नाही, कशी हा आहे." मला ते उत्तर फार गुळगुळीत वाटलं. बाबांना पटलं. असो.

दुसरं मत घ्यायचं दादाने ठरवलं आणि मीही आढेवेढे घेतले नाहीत. मुंबईत हालचालींच्या विकारांचेच तज्ज्ञ असतात. तीन आठवड्यांनी, ९ डिसेंबरची वेळ मिळाली, फी २,५०० रुपये. त्यांचंही मत तेच. पण कॅप्सूलचा इतिहास असल्यामुळे त्यांनी ट्रोडॅट स्कॅन सुचवला. मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या टोकांचं चित्र मिळतं. औषधाने आलेली लक्षणं असतील तर ते बहुधा नीट येतं. पार्किन्सन असेल तर उणं येतं. मात्र पार्किन्सन आणि त्याची भावंडं यांच्यातला फरक तो सांगत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. प्रत्येकाला हा स्कॅन लागत नाही. आम्हाला साडेचौदा हजार पडले. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही, कारण २४ तास दाखल नव्हतो. नकाराची ईमेल यायला मात्र सव्वा महिना लागला. जायचं असेल तर डबा घेऊन जा. इंजेक्शन दिल्यावर चित्र काढायला चारेक तास थांबवतात.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी चित्र बाबांसमोरच ठेवलं. निरोगी मेंदूत दोन बाजूंना दोन स्वल्पविराम दिसतात. बाबांच्या उजवीकडचा बऱ्यापैकी शाबूत होता. डावीकडचा, म्हणजे उजवा हात चालवणारा, नुसता ठिपका उरला होता. लक्षणं दिसायला लागेपर्यंत तिथल्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात, असं त्यांनी सांगितलं. बाबा बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, "सहीची शेपटी गेली, तशी याचीपण गेली."

डोपामिनची उणीव भरून काढणारं औषध, लेव्होडोपा-कार्बिडोपा, सुरू झालं ते २० डिसेंबरला. अर्धी गोळी तीनदा, दर आठवड्याला थोडी वाढवत. महिन्याचा खर्च तीनशेच्या आत, हे ऐकून दादाला शंकाच आली की औषध खरं आहे ना. पहिले दहा दिवस मळमळलं. बाबा आयुष्यभर गोळ्या दुधाबरोबर घेत आलेत. ते बंद केलं. दूध, पनीर, डाळी यातल्या प्रथिनांमुळे हे औषध शोषलं जायला अडथळा होतो, म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. मळमळ सोसेना तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन मारी बिस्किटं चालवली. नातेवाइकांपैकी एकांनी खाजकुइलीची पावडर आणून दिली. तिच्यात लेव्होडोपा असतो हे खरं आहे, पण गोळीत तोच मापून घालतात आणि पावडरीत किती आहे ते कोणालाच कळत नाही. डॉक्टरांनी दोन्ही एकत्र घ्यायला साफ मनाई केली. आणि गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, हे आईने फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय.

चौथ्या आठवड्यात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बाबा अंघोळ करून बाहेर आले ते शर्टाची बटणं लावूनच. कोणी काही बोललं नाही. आईने फक्त चहा जरा जास्त गोड केला.

गोळीबरोबर व्यायाम तितकाच लागतो. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येते, आठवड्यातून दोनदा, सहाशे रुपये. तिचा एकच मंत्र: मोठं. मोठं पाऊल, मोठा हात, मोठा आवाज. बाबा सकाळी रामरक्षा खणखणीत म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, घरी काही अनुष्ठान आहे का. अक्षरासाठी दुरेघी वही आणली. बहात्तराव्या वर्षी दोन रेघांना चिकटवून अ आ इ ई. मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज ॲण्ड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी मदतगट चालवते आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून बरंच काही करतं. बाबा अजून कुठल्याच गटात आलेले नाहीत. "मला दुसऱ्यांचे हात बघायचे नाहीत," म्हणतात. मी जोर करत नाही. आईला घेऊन मीच एकदा जाऊन आले.

कागदपत्रांचं विचारणाऱ्यांसाठी: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, पण सवलतींना बहुतेक ठिकाणी ४० टक्के अपंगत्व लागतं. बाबा अजून त्याच्या बरेच अलीकडे आहेत, त्यामुळे आम्ही अर्ज केलेला नाही. बँकेचं खातं मात्र आईबरोबर जोडखातं करून घेतलं, दोघांपैकी कोणाचीही सही चालेल असं. हे काम हात चांगला असतानाच उरकून घ्या.

मार्चमध्ये बाबांनी हट्टाने मेन्टेनन्सचा चेक स्वतः लिहिला. चार दिवसांनी सेक्रेटरींचा फोन. चेक परत. सही जुळत नाही. आम्ही पुन्हा त्याच शाखेत, त्याच मुलीसमोर. तिने जूनमध्ये घेतलेला नमुना काढला आणि चेक शेजारी धरला. चेकवरची सही दुप्पट मोठी होती, आणि शेवटी अर्धवट का होईना, शेपटी होती.

"काका, आता कोणती ठेवू?" तिने विचारलं.

बाबांनी घड्याळ बघितलं. दहाची गोळी घेऊन तास झाला होता. "फॉर्म आण," ते म्हणाले, आणि बाही वर सारली.